पोरं टिकत नाहीत? उचल देऊन पाय बांधता येतात, मन नाही



बीड जिल्ह्यातल्या लहान धंदेवाल्यांच्या कुठल्याही बैठकीत जाऊन बसा. सुरुवात भांडवलापासून होते. मग बँक, मग जीएसटी, मग लाईट. आणि चहा येईपर्यंत गाडी एकाच वाक्यावर येऊन थांबते: "बाकी सगळं जमवतो हो सर, पण पोरं टिकत नाहीत."

हे वाक्य तुम्हीही कधीतरी बोलला असाल. शिकवायचं आपण, आणि हात बसला की पोरगा जातो परळीला, नाहीतर थेट पुण्याला, चाकण-रांजणगावला. मग पुन्हा नवा पोरगा, पुन्हा पहिल्यापासून. व्हिडिओत यावर बोललो, पण दहा मिनिटांत उदाहरणं धावती होतात. इथे जरा सविस्तर बघू.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. माणूस आधी ठेवणं हा लहान धंदा वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. फक्त त्याला गोड बोलण्यापेक्षा थोडं जास्त लागतं.

धर्मापुरीतलं एक शेड

बोलणं हवेत जाऊ नये म्हणून एक धंदा डोळ्यासमोर धरू. परळी तालुक्यातलं धर्मापुरी. केदारेश्वराच्या जुन्या मंदिरामुळे गावाचं नाव लांबवर माहीत आहे. समजा, तिथे रस्त्याच्या कडेला तुमचं पत्र्याचं शेड आहे. वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन. वखर, कोळपी, ट्रॉलीची दुरुस्ती, गेट, ग्रील. तुम्ही आणि चार माणसं. पेरणीच्या आधी श्वास घ्यायला वेळ नसतो, भर पावसाळ्यात हात रिकामे असतात. माल विकायला अंबाजोगाई आहे, परळी आहे, अहमदपूर आहे.

अडचण एकच. तुम्ही शेडमध्ये असलात तरच काम होतं. ऑर्डर आणायला अंबाजोगाईला गेलात की इकडे ग्राइंडर बंद आणि मोबाईल सुरू. माप चुकतं, गिऱ्हाईक परत जातं. म्हणून तुम्ही बाहेर पडत नाही, आणि बाहेर पडत नाही म्हणून ऑर्डर वाढत नाही. धंदा तुमच्या दोन हातांएवढाच राहतो. जिल्हा उद्योग केंद्रातून प्रकरण मंजूर होईल, कर्ज मिळेल, दुसरं मशीन येईल. पण त्या मशीनवर उभा राहणारा माणूस कुठल्याही योजनेत मिळत नाही.

आपल्या ओळखीची पद्धत: उचल

आपल्या भागात माणूस बांधून ठेवायची एक पद्धत सगळ्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आधीच उचल देतो. ती जोडी हंगामभर ऊस तोडून ती फेडते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

यात मजूर अडकतो, हे तर आहेच. पण मुकादमाकडेही बघा. उचल घेऊन कोयता आलाच नाही, तर तोही बुडतो. सगळा हंगाम एकमेकांवर नजर ठेवण्यात जातो. पैसा दिला-घेतला गेला, विश्वास मात्र कुणाचाच कुणावर बसला नाही.

आता आपल्या शेडमध्ये या. पोरगा जाईल म्हणून वीस हजार ॲडव्हान्स द्यायचा. पगारातले थोडे मागे ठेवायचे. दिवाळीचा हिशेब शिमग्याला करायचा. नाव वेगळं, पद्धत तीच. अडीनडीला माणसाला पैसे द्यावेत, जरूर द्यावेत. पण ते त्याला अडकवायला दिले की पाय दुकानात राहतात आणि डोकं बाहेर असतं. रॉड वाया न घालवणं, माप दोनदा बघणं, गिऱ्हाईकाशी नीट बोलणं, ही सगळी डोक्याची कामं आहेत. ती उचल देऊन विकत मिळत नाहीत.

मग कशाने मिळतात? दोन उदाहरणं सांगतो. दोन्ही महाराष्ट्रातली, आणि पहिलं तर अगदी तुमच्याच धंद्यातलं.

शेतीची अवजारं बनवणारा एक मास्तर

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवत होते. बढतीची पाळी त्यांची होती. ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

इथे जरा थांबा. ज्यांचं नाव आपण मोठे कारखानदार म्हणून घेतो, ते आधी कुणाच्या तरी हाताखाली 'न टिकलेला माणूस' होते. हात चांगला होता, डोकं चांगलं होतं, पण डावललं गेलं आणि ते उठून गेले. तुमच्याकडून शेवटचा जो माणूस गेला, त्याचं कारण खरंच फक्त पगार होतं का? एकदा आठवून बघा.

बेळगावात त्यांनी आणि भाऊ रामूअण्णांनी आधी सायकलींचा धंदा केला. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. त्यात बेळगावातली कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं.

१९१० साली त्या ३२ एकर माळावर निवडुंग आणि साप होते. तिथे लक्ष्मणरावांबरोबर २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं राहायला गेली. हेच आजचं सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी. नुसत्या पगारासाठी कामाला येणारा माणूस बायकापोरं घेऊन सापांच्या माळावर जात नाही. तो मालकाच्या भरवशावर जातो.

वाडीत लक्ष्मणरावांनी माणसं कशी उभी केली, त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

एक, त्यांनी कागद बघितला नाही, हात बघितला. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले होते, ते तिथे कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. के. के. कुलकर्णी परीक्षांमध्ये नापास होत आलेले, त्यांच्याकडे बाहेरची सगळी पडेल ती कामं आली. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. वस्तीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे. प्रत्येक कामाला त्याचा त्याचा धनी होता.

दोन, विश्वास आधी टाकला. दरोड्याची शिक्षा झालेली दोन माणसं वाडीची राखणदार झाली, आणि त्यांनी ती राखण चोख केली. आपण मात्र तीन वर्षं कामाला असलेल्या पोराच्या हातात शेडची किल्ली द्यायला कचरतो.

तीन, माणसाला माणूस म्हणून वागवलं. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. शंभर वर्षांपूर्वी! आपल्या दुकानात चहाचे कप आजही वेगळे असतील, तर आपण १९१० च्याही मागे आहोत.

धंद्याचं काय झालं? १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. नांगराबरोबर पंप, इंजिनं आली. वाडीत आजही पंप तयार होतात. ज्या शेतकऱ्याला लोखंडाची भीती वाटत होती, त्याच्याच विहिरीवर पुढे किर्लोस्करचं इंजिन बसलं.

"पण सर, त्यांच्यामागे राजा होता"

बरोबर आहे. तुम्हाला ३२ एकर कुणी देणार नाही. मग ज्यांच्याकडे राजा नव्हता, त्यांच्याकडे बघू.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हेच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड. जसवंतीबेन पोपट त्या सातांपैकी एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळ्यातही काम सुरू राहिलं. तुमच्या शेडचे पावसाळ्यातले रिकामे महिने आठवा आणि विचार करा, तुमची 'खाट आणि स्टोव्ह' काय आहे? जुन्या ट्रॉल्यांची दुरुस्ती? तयार गेटांचा साठा? हा प्रश्न एकट्याने सोडवू नका. चारही माणसांना विचारा.

लिज्जतची पद्धत बघा. तिथे कामगार हा शब्दच नाही, 'भगिनी' आहे. सकाळी केंद्रावर यायचं, मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि लाटणावळ तिथल्या तिथे घ्यायची. जी लाटते तीच मालकीण. नफ्यात वाटा, तोट्यातही वाटा. देखरेख करणाऱ्या संचालिकाही भगिनींमधूनच येतात. सात बायकांचं काम आज हजारो भगिनींपर्यंत गेलं आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका, कारण इथेच पुष्कळांची गल्लत होते. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना पैसे देणारे छगनबाप्पा पारेख म्हणाले, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. हिशेबही धंद्यासारखा चोख ठेवा. माणसं आधी म्हणजे खराब माल चालवून घेणं असा अर्थ कुणी काढू नये. माया माणसावर करायची. मापावर आणि मालावर करायची नाही.

आता हिशेब मांडू

भावना बाजूला ठेवा, वही काढा. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा, तुमचा तयार कारागीर महिना १५,००० घेतो आणि त्याच्या कामातून सगळा खर्च जाऊन तुम्हाला १०,००० सुटतात. त्याने १,००० वाढ मागितली. तुम्ही "बघू" म्हणालात. दोन महिने बघितलंच नाही. तो गेला.

- नवा पोरगा तयार व्हायला तीन महिने. तोवर काम निम्मं, म्हणजे महिन्याला ५,००० कमी. झाले १५,०००.
- चुकीचं कटिंग, वाया गेलेलं लोखंड आणि रॉड: ३,०००.
- तुम्ही स्वतः होल्डर धरून उभे राहिलात, म्हणून दोन ऑर्डर हातच्या गेल्या. प्रत्येकीचे ४,००० धरले तर ८,०००.

एकूण २६,०००. आणि वाढ दिली असती तर वर्षाचे १२,०००. तुम्ही बारा वाचवायला गेलात आणि सव्वीस घालवले. शिवाय उरलेल्या तिघांनी एक गोष्ट बघून ठेवली, की इथे मागून मिळत नाही. तिचा आकडा वहीत येत नाही, पण पुढचा माणूस जातो तेव्हा तो वसूल होतो.

सोमवारपासून काय करायचं

१. पगाराची तारीख ठरवा आणि ती मोडू नका. ७ म्हणजे ७. गिऱ्हाईकाचे पैसे अडकले, हे कारण माणसाच्या घरातल्या किराणा दुकानदाराला चालत नाही. तारीख पाळायला एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात हळूहळू साठवा. उचल दिली असेल तर तिची वही दोघांकडे ठेवा, दर महिन्याला किती कापायचे हे आधी ठरवा, आणि फेडीच्या धाकाने कुणाला थांबवू नका.

२. डोळे आणि हात सांभाळा. चष्म्याशिवाय वेल्डिंग केलं की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, हे तुम्हालाही माहीत आहे. चष्मा, हातमोजे, अर्थिंग. आणि चौघांचं बँक खातं बघून प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना सुरू करून द्या. वर्षाचा हप्ता २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाखांचं संरक्षण, वय १८ ते ७० चालतं. चौघांचे ८० रुपये. लिज्जतच्या भांडवलाएवढे! माणसं वाढली तर हेही ध्यानात ठेवा: दहापासून ईएसआयसी आणि वीसपासून पीएफ. त्याला घाबरून नऊवर थांबू नका, आधीच हिशेबात धरा.

३. चूक सांगा, पण गिऱ्हाईकासमोर सांगू नका. आपल्याकडे मालकाचा दरारा दाखवायची एक घाण सवय आहे. चार लोक उभे असताना पोरावर ओरडायचं, वर आईबापाचा उद्धार करायचा. तो ऐकून घेतो, कारण घरी गरज आहे. पण त्याच दिवशी तो मनातून निघून गेलेला असतो, पाय नंतर जातात. नावाने हाक मारा. वयाने मोठा असेल तर मामा म्हणा, दादा म्हणा. चूक झाली तर माणसं गेल्यावर तुकडा हातात घेऊन दाखवा: इथे माप चुकलं, असं धरायचं. आणि तोच तुकडा पुन्हा करून घ्या.

४. प्रत्येकाला एक काम पूर्ण सोपवा. एकाकडे लोखंडाचा साठा. एकाकडे मशीनची देखभाल. एकाकडे गिऱ्हाईकाचं माप घेणं. सगळ्यात जाणत्याला तुमच्या मागे शेड बघायला नेमा. तो कसा असावा, याला मुंबईचे डबेवाले बघा. त्यांच्यातही मुकादम असतो, पण तो स्वतःही डबे पोचवतो आणि गटाची कमाई वाटून घेतली जाते. हुकूम सोडणारा नेमू नका, हातात होल्डर धरणारा नेमा. आणि नेमलात की त्याच्या हातात किल्ली द्या.

५. वाढीत वाटा द्या. मालकी द्या असं म्हणत नाही. पण पेरणीच्या हंगामात ठरलेल्यापेक्षा जास्त नग निघाले आणि एकही परत आला नाही, तर वरच्या प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम चौघांत वाटायची, हे हंगामाच्या आधी सांगा. भिंतीवर खडूने लिहा. हंगाम संपल्यावर आठ दिवसांत द्या. नंतर "यंदा जरा ओढाताण झाली" असं म्हणणार असाल तर आधी बोलूच नका. न दिलेल्या शब्दाने जेवढं बिघडत नाही, तेवढं मोडलेल्या शब्दाने बिघडतं.

"शिकवलं आणि तरी गेला तर?"

हा प्रश्न येणारच. खरं सांगायचं तर काही जण जातीलच. चाकणचा पगार तुम्ही धर्मापुरीत देऊ शकणार नाही, आणि तरुण पोराला शहर बघायचं असतं. जाणाऱ्याचा पगार अडवून ठेवू नका. पूर्ण हिशेब करा, चहा पाजा, परत आलास तर ये म्हणा. गाव लहान असतं. त्या शेडवरून पोरगा कसा गेला, ही बातमी तो बसस्टँडवर पोचायच्या आधी पारावर पोचते. पुढचा पोरगा तुमच्याकडे यायचं की नाही, हे ती बातमी ऐकून ठरवतो.

आणि समजा, त्याने शेजारच्या गावात स्वतःचं शेड टाकलं. तो तुमचा वैरी होणार की हंगामात तुमचं जास्तीचं काम उरकून देणारा जोडीदार, हे तो तुमच्याकडून कसा निघाला यावर ठरतं. लक्ष्मणरावही नोकरी सोडूनच कारखानदार झाले होते, हे विसरू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्या माणसांची नावं वहीत लिहा. प्रत्येकासमोर कारण लिहा. ज्यांच्यासमोर 'पगार' लिहाल, त्यांतल्या एकाला फोन करून खरं कारण विचारा. उत्तर ऐकून वाद घालू नका, लिहून घ्या.

२. वर केला तसा एका माणसाच्या जाण्याचा हिशेब तुमच्या आकड्यांत करा.

३. एक दिवस ठरवा. सकाळी किल्ली जाणत्या माणसाच्या हातात द्या आणि ऑर्डर शोधायला अंबाजोगाईला किंवा अहमदपूरला जा. दिवसभरात एकदाही फोन करायचा नाही. संध्याकाळी आल्यावर काय बिघडलं ते बघायच्या आधी, काय नीट झालं ते बघा आणि चौघांसमोर बोलून दाखवा.

पहिल्या दिवशी कदाचित दोन कामं अडलेली दिसतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. तुम्ही नसताना शेड ज्या दिवशी नीट चाललं, त्या दिवसापासून दुसऱ्या मशीनच्या कर्जाचा अर्ज भरायला हरकत नाही. तोवर भरू नका.

गृहपाठ केलात की खाली कमेंटमध्ये एवढंच लिहा: किती माणसं गेली, आणि फोनवर खरं कारण काय निघालं. गेलेल्याचं नाव लिहू नका. पुढच्या व्हिडिओत त्यातली पाच कारणं घेऊन बोलू.